ओलीवरचा रंग

तिला सगळे 'रेघवाली' म्हणत. भिंत आणि छत जिथं भेटतात तिथली रंगाची रेघ ती चिकटपट्टी न लावता, नुसत्या ब्रशनं ओढायची, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. असावाच!

मग विषाणूचा ताप आला. ताप आठवड्यात उतरला, पण बोटांची, मनगटांची, गुडघ्यांची सूज काही हटेना. रेघवालीनं काय केलं? दुखणं थांबवणारी गोळी गिळली आणि शिडी चढली. असे कित्येक महिने. शेवटी एकदा रंगाची बादली उचलताना मनगट काडकन मोडलं.

"बादली उचलून कुठं हाड मोडतं?" ती डॉक्टरीणबाईंवर खेकसली.

"ताप गेला, सूज आत राहिली," बाई म्हणाल्या. "अशी सूज हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव आणते. झीज होत राहते, त्या मानानं भर पडत नाही. तुम्ही नुसतं दुखणं दाबत राहिलात."

 ओल न सुकवता वरून रंग फासणाऱ्यांची रेघवालीनं जन्मभर खरडपट्टी काढली होती. स्वतःच्या अंगाला मात्र तेच केलं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

सुजेवर उपचार सुरू झाले. प्लास्टर निघालं. बाईंनी चालायला, हळूहळू वजन उचलायला सांगितलं. शिडी तेवढी सध्या बंद, कारण पडणं परवडणार नव्हतं. दादानं, म्हणजे तिच्या भावानं आणि धंद्यातल्या भागीदारानं, त्यातलं 'सध्या' सोयीस्करपणे गाळलं.

"तू आता खाली बसून रंग कालव," तो म्हणाला. "रेघेला दुसरा माणूस ठेवलाय."

"पट्टी लावणारा?"

"हो. सरळ येते त्याची."

हे तिला चांगलंच झोंबलं.

"दादा, मी काय काचेची बाहुली आहे? शिडी नको ना, मग कठडा लावून परांची बांध. डॉक्टरांना विचारून आलेय, हो म्हणाल्यात. नाहीतर माझी भागीदारी वेगळी काढ."

दादानं कपाळावर हात मारला आणि परांची बांधली.

ती वर गेली. ब्रश टेकवला. मनगट पुरतं वळेना, रेघ वाकडी गेली. खाली दादानं मान फिरवली, त्याला बघवेना. पट्टीवाला पट्टीचं भेंडोळं घेऊन पुढे आला.

"ते खिशात ठेव," ती वरूनच गरजली. फडक्यानं तिनं रेघ पुसली, ब्रश पुन्हा रंगात बुडवला. "वाकडी आली तर पुसेन, परत ओढेन. संध्याकाळपर्यंत ओढत बसेन. दादा, तोंड इकडं कर आणि बघ."