वरच्या डेकवरचा उपास

काशीनाथराव पुराणिक क्रूझवर चढायच्या फळीच्या तोंडाशी मुद्दाम आडवे उभे राहिले. ऊन अजून कोवळं होतं, तरी त्यांनी छत्री उघडली होती, आणि तीही डोक्यावर नव्हे, डाव्या खांद्याशी तिरकी धरली होती. छत्रीच्या पलीकडे, जेट्टीच्या कठड्याला टेकून, मुंडन केलेले पाच-सहा पुरुष पांढऱ्या धोतरांत उभे होते. त्यांच्यातल्या थोरल्याच्या हातात लाल फडक्यात बांधलेला तांब्याचा कलश होता. छत्रीच्या अलीकडून काशीनाथरावांचे व्याही आणि विहीणबाई क्रूझवर चढत होते.

"या, या, सांभाळून. सरळ वर चला. खाली बघण्यासारखं काही नाही."

"अहो, छत्री कशाला?" त्यांच्या पत्नी शरदिनीबाईंनी विचारलं. कापड विरतं म्हणून ऐन जेठाच्या उन्हातसुद्धा छत्री न उघडणारा हा माणूस त्यांना चांगला ठाऊक होता.

"विहीणबाईंना ऊन लागेल."

कालिंदीबाई हसल्या. मुक्ताने, म्हणजे त्यांच्या सुनेने आणि काशीनाथरावांच्या मुलीने, खास या सहलीसाठी घेऊन दिलेली अबोली रंगाची साडी त्या नेसल्या होत्या. मुक्ता आणि तिचा नवरा पुण्यातच होते. त्यांना रजा मिळाली नव्हती. व्याही यज्ञेश्वरराव मोबाइल उंच धरून जिन्याचासुद्धा फोटो काढत वर गेले. छत्री मिटली तेव्हा काशीनाथरावांच्या पाठीला घाम फुटला होता.

या साऱ्याची सुरुवात एका वाक्याने झाली होती. मुक्ताच्या सासरची माणसं लग्नात फार चांगली वागली. देणंघेणं नाही, मानपान नाही, कार्यालयाचा खर्चदेखील निम्मा-निम्मा. काशीनाथरावांना ते तेव्हापासून खुपत होतं. कुणी वाईट वागलं की निदान त्याला नावं ठेवता येतात, चांगलं वागलं की माणसाची पंचाईत होते. म्हणून, आम्ही काशीला यायचं म्हणतोय, ती गंगेतली क्रूझ मोबाइलवर पाहिली, फार छान वाटली, असं यज्ञेश्वरराव फोनवर म्हणाले, तेव्हा काशीनाथरावांच्या तोंडून निघून गेलं, "क्रूझ आमच्याकडून. तुम्ही फक्त या!"

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला होता. "बाबा, खरंच? आईंनी इथे सगळ्यांना सांगून टाकलंय." तिचा आवाज इतका फुलला होता की काशीनाथराव बराच वेळ फोन हातात धरून बसले. परक्या घरात मुलीची मान आपल्यामुळे ताठ होतेय, याहून मोठं सुख बापाला काय असतं?

मग त्यांनी दर पाहिले.

पैसे नव्हते असं नाही. पेन्शन चांगली होती, ठेवी होत्या. पण रेल्वेच्या कचेरीत राहून जन्मभर पासावर हिंडलेल्या माणसाला पुऱ्या दराने तिकीट काढणं हा निव्वळ बावळटपणा वाटे. बनारसमध्ये आपली ओळख नाही अशी जागा नाही, हा त्यांचा दुसरा अभिमान. शेजारच्या गल्लीतला सुश्रुत क्रूझच्या बुकिंगवर होता. काशीनाथराव त्याच्याकडे गेले.

"काका, गुरुवारी एक उपाय आहे," सुश्रुत म्हणाला होता. "राजकोटची एक पार्टी आहे, पूरी क्रूझ त्यांनी घेतली. कैथीच्या गोमती-संगमापर्यंत जाऊन शामपर्यंत वापस. पण त्यांचे काही लोक आले नाहीत, वरच्या डेकवर आठ सीट रिकाम्या आहेत. खाना पण त्यांच्याकडूनच. तुम्हाला नाममात्र पैशांत देऊन टाकतो. फक्त..." तो जरा घुटमळला. "अस्थिविसर्जनवाली पार्टी आहे. चलेगा ना?"

"चलेगा म्हणजे? आपण काशीचे लोक!" असं म्हणून काशीनाथराव जिंकल्यासारखे बाहेर पडले होते. आपण काशीचे असलो तरी पाहुणे पुण्याचे आहेत, हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता असं कुणी म्हणू नये. तो आला होता. घाटाच्या पहिल्या पायरीवर आला आणि शेवटच्या पायरीपर्यंत त्यांनी त्याला मागे टाकलं.

क्रूझ हलली. वारा छान होता, पाणी संथ होतं. खालून मंत्रांचे स्वर वर येऊ लागले तसे काशीनाथराव मोठ्याने बोलू लागले.

"हा बघा राजा घाट, अमृतरावांनी बांधलेला. इथून पुढे आपलीच वस्ती. तो संकठा घाट! शरदिनीचं माहेर तिथलंच. आणि तो बालाजी घाट, त्याच्या वरच्या अंगाला आमचं घर."

"केवढं खणखणीत बोलता हो तुम्ही," यज्ञेश्वरराव कौतुकाने म्हणाले. "गाइड लाजेल."

पूल मागे पडला, काठ रिकामे झाले, आणि मध्यधारेत इंजिन बंद केलं गेलं. इंजिनाचा आवाज गेल्यावर खालचं सगळंच ऐकू यायला लागलं. एक म्हातारा भटजी गोत्र विचारत होता. कुणीतरी बाई दबल्या आवाजात रडत होती.

"का थांबलो?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"गंगापूजन," काशीनाथराव म्हणाले. "क्रूझवाले रोज करतात."

"अरे वा! मग खाली जाऊ या की. प्रसाद घेऊ."

"नको, नको! भीड असते फार. इथूनच दर्शन घ्या, इथून चांगलं दिसतं."

नको तेच त्यांच्या तोंडून गेलं. यज्ञेश्वरराव कठड्यावरून ओणवे झाले आणि त्यांनी मोबाइल खाली रोखला. पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या पसरत होत्या, त्यांच्यामधून काहीतरी राखाडी विरघळत चाललं होतं. "मुक्ताला पाठवतो," असं म्हणत त्यांनी तो व्हिडिओ लागलीच पाठवूनही दिला. खाली लिहिलं, 'गंगापूजन, तुझ्या बाबांची कृपा.' शरदिनीबाईंनी मान लांब करून तो त्यांच्या मोबाइलवर पाहिला, कोपऱ्यातली मुंडन केलेली डोकीही पाहिली. मग त्या उठल्या आणि काशीनाथरावांच्या शेजारी येऊन बसल्या.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

काशीनाथरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"त्यांचं सूतक आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आणि जेवण?"

काच स्वच्छ झाली होती, तरी ते पुसत राहिले. शरदिनीबाईंना उत्तर मिळालं. भांडणारी बाई नव्हती ती. तिने फक्त आपला पदर त्यांच्या बाजूने ओढून घेतला, आणि काशीनाथरावांना भर उन्हात एखाद्या चोरासारखं वाटलं.

एवढ्यात कालिंदीबाई उठल्या. स्वच्छतागृह खाली होतं. "मी दाखवतो, मी येतो," असं म्हणत काशीनाथराव धडपडले, पण बाईमाणसाबरोबर कुठवर जाणार? त्या एकट्याच गेल्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंधरा मिनिटांनी काशीनाथरावांना राहवेना. ते निम्मा जिना उतरले आणि तिथेच थबकले.

खाली सतरंजीवर एक सत्तरीची बाई बसली होती, नुकतंच कुंकू पुसलेली. कालिंदीबाई तिच्याजवळ बसल्या होत्या, अबोली साडीसकट. म्हातारी मोडक्या हिंदीत काहीतरी सांगत होती. मध्येच तिने वरच्या डेककडे बोट दाखवलं, आणि कालिंदीबाईंनी मान डोलावली. तिचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता.

काशीनाथराव आल्या पावली वर आले. आता सगळं संपलं, हे त्यांना कळलं. त्या वर येतील, नवऱ्याला सांगतील, आणि पुण्याच्या त्या घरात, जिथे मुक्ता रोज डबा भरते, पाहुण्यांना पाणी देते, तिथे जन्मभर हे बोललं जाईल. उघड कुणी बोलणार नाही. माणसंच चांगली होती ती. पण तिच्या माहेराचा विषय निघाला की सगळे किंचित थांबतील, आणि तिला कळेल. त्यांनी मनातल्या मनात वाक्यं जुळवून पाहिली. सुश्रुतने मला सांगितलंच नाही. माझी फसवणूक झाली. दोन्ही वाक्यं तयार होती आणि दोन्हींची त्यांना किळस आली.

कालिंदीबाई वर आल्या. हात धुऊन आल्या होत्या, बांगड्या ओल्या होत्या.

"खाली छान गार आहे," एवढंच म्हणाल्या आणि जागेवर बसल्या.

जेवण आलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पानांच्या द्रोण-पत्रावळींत पुऱ्या, बटाट्याची भाजी, कढी, मूग. यज्ञेश्वररावांनी बाह्या सरसावल्या. वाढपी त्यांच्यापुढे पत्रावळ ठेवणार, तेवढ्यात कालिंदीबाईंनी तिच्यावर आडवा हात धरला.

"अहो, विसरलात? आज उपास आहे ना आपला."

"उपास? आज?"

"काल विश्वनाथासमोर बोलले होते मी. दोघांच्या नावाने गुरुवारचा."

"मग सकाळी यांच्याकडे कचोऱ्या खाल्ल्या त्या? जिलेबी?"

"त्या चुकून. आता आठवलं तर आता तरी पाळू या." त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याची चिक्की काढली आणि एक वडी नवऱ्याच्या हातावर ठेवली. वाढप्याला म्हणाल्या, "भैया, माँजी से कहना, बुरा न मानें. हमारा व्रत है."

"माझाही," शरदिनीबाई म्हणाल्या. कालिंदीबाईंनी दुसरी वडी त्यांच्यापुढे केली.

यज्ञेश्वरराव अजून काही बोलणार होते, पण जिन्यावरून सकाळी कलश धरलेला तो थोरला मुलगा वर आला. पन्नाशीचा गृहस्थ, डोक्यावर ताजं मुंडन, डोळे सुजलेले. त्याने हात जोडले.

"पुराणिकजी कौन हैं?"

काशीनाथराव अर्धवट उठले.

"माँ ने कहलवाया है, आप लोग आए, बहुत अच्छा लगा. सीटें खाली जा रही थीं. पिताजी को खाली पंगत अच्छी नहीं लगती थी." त्याने वाढप्याच्या हातून पत्रावळ घेतली आणि स्वतः वाकून काशीनाथरावांपुढे ठेवली. "उनके नाम का है. थोड़ा-सा लीजिए."

यज्ञेश्वररावांनी त्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं, मग पत्रावळीकडे, मग बायकोकडे. हातातला मोबाइल त्यांनी उपडा करून बाकावर ठेवला.

"हो, हो," ते म्हणाले. "उपासच आहे आमचा."

आणि मुकाट्याने चिक्की खाऊ लागले.

काशीनाथराव एकटे जेवले. मलाही उपास आहे म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही, आणि वडील गेलेला तो माणूस समोर हात जोडून उभा होता. त्यांनी पुरीचा तुकडा मोडला, कढीत बुडवला, गिळला. त्यांच्या घरात चार पिढ्या भिक्षुकी झाली, पण असल्या सुतकाच्या अन्नाला कुणी शिवलं नव्हतं. बाकीचे तिघं इकडेतिकडे, काठाकडे, पाण्याकडे पाहत होते. काशीनाथरावांच्या पानाकडे कुणीच नाही. कुणी चार शब्द सुनावले असते तर घास तरी खाली उतरला असता. पान अर्धं झाल्यावर तो गृहस्थ नमस्कार करून खाली गेला, तरी ते जेवत राहिले, शेवटच्या मुगापर्यंत. टाकून देण्याची लाज आणखी नको होती.

कैथीला क्रूझ वळली. परतीच्या वाटेवर मुक्ताचा फोन आला, तोही यज्ञेश्वररावांच्या मोबाइलवर. त्यांनी तो बायकोकडे दिला. मुक्ताचा आवाज वाऱ्यातूनही ऐकू येत होता.

"आई, व्हिडिओ पाहिला. ते मुंडन केलेले लोक कोण आहेत? बाबांनी तुम्हाला नेमकं कुठे नेलंय?"

काशीनाथरावांनी डोळे मिटून घेतले.

"अगं, बरोबरचे यात्रेकरू आहेत," कालिंदीबाई म्हणाल्या. "फार चांगली माणसं. आणि तुझ्या बाबांनी इतका सुंदर बेत केलाय म्हणून सांगू! वरचा सबंध डेक आम्हा चौघांना. घाट काय, गार वारा काय, एकेका घाटाची माहिती काय. तू उगीच काळजी करत बसू नकोस. थांब, त्यांनाच देते."

त्यांनी फोन पुढे केला. काशीनाथरावांनी तो घेतला. त्या त्यांच्याकडे पाहत नव्हत्या.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "किती खूश आहेत हो आई! मला इतकं बरं वाटलं. पण एवढं कशाला केलंत? केवढा खर्च आला असेल तुम्हाला."

काशीनाथरावांनी तोंड उघडलं.

"नाही गं," ते म्हणाले. "फारसा नाही आला."

कालिंदीबाई तेवढ्यात उठून कठड्याशी गेल्या आणि यज्ञेश्वररावांना मोठ्या आवाजात पलीकडच्या काठावरचं काहीतरी दाखवू लागल्या.