चटका न बसणारे घराणे

“ह्याच्या पणजोबांनी भट्टीतला पेटता ओंडका नुसत्या हातानं बाहेर ओढला होता,” आईने खुर्चीत ताठ बसून सांगितले. “आजोबा पावाचे तापलेले पत्रे तळहातावर तोलून भट्टीपासून मांडणीपर्यंत चालत जायचे. आणि ह्याच्या वडिलांनी तर उभ्या जन्मात हाताला फडकं लावलं नाही. लिहिलंत?”

“लिहिलं,” तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि त्यांचे पाय?”

“पायांचं काय?”

“जखमा, बोटं गेली, असं काही झालं होतं का, आजी?”

आईने मांडीवरची पिशवी उगाचच सरळ केली. पणजोबांच्या पायाला अखेरीस तीनच बोटे उरली होती. आजोबांची टाच झोपेत उंदराने कुरतडली आणि सकाळी चादरीवरचे रक्त पाहून त्यांना ते कळले; ही हकीकत घरात हसत हसत सांगण्याची होती. आणि वडील तर पायाच्या जखमेनेच गेले. पाव भाजणाऱ्या घराण्यात अशा गोष्टींना आजार म्हणण्याची रीत नव्हती. भट्टीपुढे उभे राहणाऱ्याचे पाय असेच असायचे, एवढेच सर्वांना ठाऊक होते.

पलंगावर तिचा थोरला मुलगा पडला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, भट्टीच्या झळांनी भुवया विरळ झालेला माणूस. त्याच्या बुटाच्या तळातून एक खिळा वर आला होता आणि तो पायात रुतलेला असताना त्याने कितीतरी दिवस पीठ मळले, पत्रे काढले, गिऱ्हाइके केली. आईला फरशीवर डाग दिसला तेव्हा पाऊल काळे पडून चुकले होते. उद्या सकाळी ते घोट्याच्या वर कापायचे ठरले होते. तत्पूर्वी हे मुळात का झाले ते पाहायला हवे, असा डॉक्टरीणबाईंचा आग्रह होता.

तपासणीच्या खोलीत त्याला निजवून तिथल्या बाईंनी हातापायांना तारा चिकटवल्या. बराच वेळ तो छताकडे पाहत राहिला.

“बाई, करा की सुरू,” तो शेवटी म्हणाला. “भट्टी विझेल तिकडे.”

“काका, सुरूच आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी बटण आणखी पुढे सरकवले. पडद्यावरची रेघ सपाट ती सपाटच राहिली.

दुपारी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या. “चेतापेशी म्हणून एक असते, काका. स्पर्शाची पेशी कण्याच्या शेजारी असते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी लहान. पण तिला एक धागा असतो, आणि तो थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो. एका पेशीचा एकच धागा, तुमच्या अख्ख्या पायाएवढा लांब.”

“एवढीशी ती, आणि शेपूट एवढं?” आईने अविश्वासाने विचारले.

“तेवढंच. त्याच्यावर आवरण असतं, आतून विजेसारखा निरोप धावतो. चटका बसला की निरोप कण्यात जातो, तिथं दुसऱ्या पेशीला पोचतो, आणि आपल्याला कळायच्या आत हात मागे येतो. आता त्या लांब धाग्याला लागेल ते सगळं त्या इवल्या पेशीनंच बनवून पाठवायचं. तुमच्या घराण्यात ह्या पेशींतच जन्मजात खोट आहे. टोकापर्यंत पुरवठा होत नाही, आणि धागा टोकाकडून वाळत येतो. सगळ्यांत लांब धागे आधी वाळतात. म्हणून पहिल्यांदा पाय, मग हात.”

“आणि तोंड?” थोरल्याने विचारले.

“तिथले धागे आखूड. ते बहुधा शेवटपर्यंत राहतात.”

आईच्या कपाळाला आठी पडली होती. त्या घरात पुरुषाच्या अंघोळीच्या पाण्यात आधी बाईने हात घालून पाहायचा, असा दंडक होता. तिला तो सासूने शिकवला, सासूला तिच्या सासूने. कर्त्या पुरुषाचा मान, असे त्याचे कारण सांगत. आई त्या मानाचा आता नव्याने विचार करीत होती, आणि तो विचार तिला मुळीच आवडत नव्हता.

“म्हणजे आमच्या घरात शूर कुणी नव्हतंच, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“असतीलही, आजी. पण भाजत असताना हात न काढणं हा काही त्याचा पुरावा नव्हे.”

“आणि ज्याचा हात मागे येतो, तो?” थोरला म्हणाला.

“तो धडधाकट.”

थोरल्याने आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. मग आईकडे न पाहता म्हणाला, “धाकट्याला बोलाव.”

“तो यायचा नाही.”

“पाय जायच्या आत यायला हवा म्हणावं. उद्या गुंगीतून उठलो नाही, तर राहूनच जाईल.”

जे राहून जाणार होते ते आईलाही माहीत होते. घराण्याचा एक नेम होता: मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयात आला की भट्टीतला पहिला पत्रा त्याने कारागिरांसमोर नुसत्या हाताने काढायचा. थोरल्याने तो हसत काढला होता. धाकट्याची पाळी आली तेव्हा त्याने पत्र्याला हात लावला मात्र, किंचाळून मागे घेतला. पाव राखेत लोळले. वडिलांनी धाकट्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते थोरल्याला म्हणाले, “माझा हात विटाळायचा नाही मला. तू लाव.” आणि थोरल्याने सर्व कारागिरांदेखत भावाच्या मुस्कटात लावली होती. त्या दिवसापासून धाकट्याचे नाव ‘फडक्या’ पडले. गल्लीतली पोरे त्या नावाने हाका मारू लागली, तेव्हा त्याने घर सोडले, आणि पुढे एका चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम धरले. वडील गेले तेव्हा तो आला, परका पाहुणा यावा तसा मागे उभा राहिला आणि पाणीही न पिता परत गेला.

निरोप गेल्यावर धाकटा आला, पण वॉर्डाच्या दारातच थांबला. केस पांढरे, नाकावर स्वच्छ चष्मा.

“ये रे फडक्या,” थोरला म्हणाला. जिभेची जुनी सवय ती. म्हणून झाल्यावर त्याने ओठ चावला.

“मरायला टेकलास तरी तोंड तेच,” धाकटा म्हणाला. “आई, मी ह्याच्यासाठी आलेलो नाही. मला पोरंबाळं आहेत. डॉक्टर म्हणाल्या तपासून घ्या, म्हणून आलो.”

“कशासाठी का असेना, आलास ना? आधी तपासून घे. भांडण मागाहून,” आईने हुकूम सोडला.

तपासणीची खोली बोळाच्या पलीकडेच होती. पहिल्याच झटक्याला धाकट्याची आरोळी पलंगापर्यंत ऐकू आली.

“अहो, ही तर नुसती चुणूक होती!” बाईंचा आवाज आला.

“चुणूक? बाई, जीव घेता का माझा? आई गं!”

वॉर्डातले लोक हसले. थोरला मात्र डोळे मिटून प्रत्येक आरोळी ऐकत होता. आई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. ह्याच आवाजाने त्या दिवशी सारी भट्टी स्तब्ध झाली होती.

धाकटा हात चोळीत परत आला. मागून डॉक्टरीणबाई. “ह्यांचं सगळं व्यवस्थित आहे. मुलांचीही काळजी नको.”

धाकट्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आनंद व्हायचा सोडून त्याचा चेहरा काळवंडत गेला.

“म्हणजे मी शाबूत होतो, म्हणून मला त्या घरात जागा नव्हती,” तो म्हणाला. “अख्ख्या घरात एकटा मी धड, आणि तुम्ही सगळे मला हसत होता.”

 

“इकडे ये,” थोरला म्हणाला.

“इथून ऐकू येतंय.”

“ऐकायचं नाहीये. तुझी एक आहे माझ्याकडे. परत घे.”

धाकट्याला क्षणभर उमगले नाही. मग उमगले. “वेड लागलंय तुला. उद्या तुझा पाय कापणार आहेत.”

“पायात काही नाही. हातात नाही. तोंडात आहे अजून. उगाच देतोय असं समजू नकोस, मला ती लागेल.”

“आई, सांग ह्याला.”

आई उठली. ती पलंगाभोवतीचा पडदा ओढू लागली.

“पडदा नको,” थोरला म्हणाला. “तेव्हा चारचौघांत मारली होती.”

आईचा हात पडद्यावर थबकला. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. आणि ज्या बाईने आयुष्यात कुणाचे ऐकले नव्हते, तिने पडदा सोडून दिला. धाकटा पलंगाशी आला.  त्याने हात उगारला, खाली घेतला, आणि मग एकदम, राहवेना म्हणून, सणसणीत लगावली.

 शेजारच्या पलंगावरचा म्हातारा उठून बसला.

“बघताय काय?” आई कडाडली. “भाऊ आहेत ते.”

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी तरारले होते.

“लागलं?” धाकट्याने विचारले.

“लागलं रे. चांगलं लागलं.”

त्याने आपला जाड, डागाळलेला हात सावकाश वर नेला आणि गालावर ठेवला. हाताला गाल कळला नाही. गालाला मात्र हात कळत होता, आणि त्याच्याखाली उमटत चाललेली पाचही बोटे.