प्रत्येक जेवणासोबत

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. लाज वाटते, दुसरं काही नाही. नावं बदललीत.

"हाई काय जेवन शे का?" पितांबर आप्पा म्हणाले. खाटेवर बसून अर्धं केळं खात होते. मी विचारलं होतं, गोळी घेतली का.

आप्पा म्हणजे माझा मित्र हेमकांतचे वडील. शहादा डेपोत तीस वर्षं एसटीची इंजिनं खोलली. सुरतला त्यांच्या स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन झालं. आता अन्न पचवायला पोटात रस पुरत नव्हता. म्हणून सहा वेळा थोडं थोडं खायचं, दर वेळी एक गोळी. वजन पंचेचाळीस झालं की किमो, त्याआधी नाही.

तिथल्या आहारवाल्या मॅडमचा कागद इंग्रजीत होता. मी मेडिकलवर कामाला, औषधांची खोकी वाचून वाचून इंग्रजी शिकलो. म्हणून मराठीत मीच उतरवला. पट्टीने रेघा मारून, सुबक. 'प्रत्येक जेवणासोबत एक गोळी.'

आमच्याकडे जेवण म्हणजे भाकर. ताटावर बसलात तर जेवण. केळं, अंडं, दूध हे नुसतं खाणं. मी काय बाहेरचा होतो का? इथलाच ना.

"मंग कितल्या गोळ्या लेतस, आप्पा?"

"दोन. सकाय-संध्याकाय. तूच लिखेल शे ना, डॉक्टरसाहेब." मला ते डॉक्टरसाहेबच म्हणायचे, चिडवायला.

हेमकांतची आई, सिंधुबाई, आतून म्हणाल्या, "एक बी जेवननी गोळी मी चुकू दिधी नही, भाऊ. बाकीनं खानं पचतच नही त्यास्ले. पातय व्हस. दूध-अंडं बंदच करी टाकं मी."

कागद देऊन दीड महिना झाला होता. जुलाब थांबायची गोळी मागच्याच आठवड्यात मीच दिली होती. काही न विचारता.

काट्यावर उभं केलं. एकोणचाळीस.

मी सुरतला फोन लावला. मग कागदावरचं 'जेवण' खोडलं आणि लिहिलं, 'काहीही खाल्लं तरी'. सिंधुबाईंना सांगितलं, डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्यात. खोटंच.

पंधरा दिवसांत दीड किलो वाढलं. मग ताप आला. झुंजायला अंगात काही उरलं नव्हतं. किमो झालीच नाही.

दहाव्यानंतर सिंधुबाईंनी उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. "कोना तरी कामे ईतीन. मी ते बराबर दिध्यात ना, भाऊ?"

"बराबर दिध्यात, मावशी."

हेमकांत दारात उभा होता. त्याला मी आदल्या दिवशी सगळं सांगून टाकलं होतं.  आता माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत चालत आला.

"तुले माफ करसू का नही, माले आजून ठाऊक नही," तो म्हणाला. "पन मायले हाई कयाले नको. तिन्हा हातखाल गोळ्या व्हत्यात."

"मी जिता शे तोपर्यंत तिले कयनार नही," मी म्हणालो.

तो मान हलवून परत वळला.