ससाण्याची नखं

तोळामासा मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की मी कलुषित मनाने लिहिलंय. मन कलुषितच होतं.

तोळामासा हे मी ठेवलेलं नाव. माणूस काडीसारखा, आणि खिशात कायम छोटासा वजनकाटा. धंदा कवळ्या बनवण्याचा. माझ्या नवऱ्याचा तो एकुलता एक मित्र. दोघांचं वेडही एकच, मध्ययुगातली चांदीची नाणी. दर गुरुवारी पाच ते सात हे आणि तो पुढच्या खोलीत भिंगं डोळ्याला लावून बसायचे. मी आतल्या खोलीत शिवणाचं मशीन चालवायचे, जरा गरजेपेक्षा जोरातच. ह्यांनी सुरुवातीला दोन-चारदा हाक मारली होती, "अगं, ये ना, हा राजा बघ, ठोकताना हातोडा सरकला आणि बिचाऱ्याचा मुकुटच नाण्याबाहेर गेला." मी म्हणाले होते, माझ्या हातातली बाही कोण लावणार, तुमचा राजा? पुढे त्यांनी हाक मारायचं सोडलं.

हे गेले त्याला आता चार महिने झाले. नाणी संग्रहालयाला द्यायची, एवढी एकच इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. चौसष्ट नाणी आणि वर ह्यांच्या नावाची पाटी. आयुष्यभरात ह्यांचं नाव कुठे लागलं असेल तर आमच्या दारावर, तेही अर्धं पुसलेलं. संग्रहालयाच्या बाई तपासणीला येणार होत्या आणि त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "एक जरी खोटं निघालं तरी सगळ्या संग्रहाकडे संशयाने बघावं लागतं. पाटीचंही मग अवघड होतं."

तेवढ्यात तोळामासा म्हणाला, "वहिनी, यादी मी करून देतो. गुरुवारचा येत जाईन."

मित्र राहिला नाही आणि गुरुवार मात्र तसाच! मी हो म्हणाले, पण कान टवकारले. आणि तिसऱ्याच गुरुवारी तो म्हणाला, "वहिनी, थोडा चहा मिळेल का?"

वीस वर्षांत ह्या माणसाने आमच्याकडे चहा घेतलेला नाही. पित्त होतं म्हणे त्याला. आता एकाएकी पित्त कुठे गेलं? मी स्वयंपाकघरात गेले, आणि परत आले तेव्हा कप त्याने तोंडालाही लावला नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा चहा. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. मी म्हटलं, हे काही खरं नाही. याला चहा नकोय, याला मी त्या खोलीत नकोय.

मला नाण्यांतलं काही कळत नाही. पण चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, एकाच काळ्या कापडाचे दोन तुकडे वेगवेगळ्या ताग्यांतले असले तर मला कळतं. एका बुधवारी मी ट्रे काढला, एकेका नाण्यावर कापड बेतायचा पातळ कागद ठेवला आणि वरून पेन्सिल घासली. दोन्ही बाजूंनी. चौसष्ट नाणी, एकशे अठ्ठावीस ठसे, मान मोडून गेली. गुरुवारी तो येऊन गेला, चहा न पिता. शुक्रवारी मी सगळे ठसे पुन्हा काढले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले.

त्रेसष्ट नाणी जुळली. एक नाही जुळलं.

तो होता हातावर ससाणा घेतलेला घोडेस्वार. ह्यांचा सगळ्यात लाडका. बुधवारच्या ठशात ससाण्याचे पाय म्हणजे नुसता एक ठिपका होता. शुक्रवारच्या ठशात तीन नखं, तिन्ही वेगळी, मनगटात रुतलेली. घोड्याच्या लगामाचे मणीसुद्धा मोजता येत होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जुनं कापड विरतं, त्याचे काठ जातात. नवं कापड कडक असतं. म्हणजे हे स्वच्छ नखांचं नाणं नवं, काल-परवा बनवलेलं. आणि झिजलेलं, जुनं, खरं नाणं ह्याच्या खिशातून गेलं. कवळ्या ओतणाऱ्या माणसाला एक नाणं ओतायला किती वेळ लागतो? हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात. हा तर दातांचाच कारखानदार! किती गुरुवार झाले होते त्याचा मी हिशोब मांडायला लागले आणि मला रडूच आलं. संग्रहालयाच्या बाई भिंग लावणार, मान हलवणार, आणि ह्यांच्या नावाची पाटी राहूनच जाणार.

पुढच्या गुरुवारी पाचला बेल वाजली. मी दार उघडलं आणि दारातच उभी राहिले.

"खिसे रिकामे करा, भाऊजी."

"अहो वहिनी, काय हे?"

"खिसे."

वजनकाटा निघाला. भिंग निघालं. आणि कोटाच्या आतल्या खिशातून निघाली गोळ्यांची चपटी डबी, तिच्यात कापूस, कापसात एक नाणं. मागे वळून बघणारा सिंह. तसाच सिंह आत ट्रेमध्ये, तिसऱ्या ओळीत बसला होता.

"म्हणजे आज सिंहाची पाळी," मी म्हणाले. "गेल्या आठवड्यात ससाणा झाला." आणि दोन्ही ठसे त्याच्या नाकासमोर धरले.

तो ओरडला नाही, नाकारलंही नाही. ठसे हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही उलटं वाचताय. नखं दिसतात तो खरा आहे. तो मी गेल्या गुरुवारी परत ठेवला."

"चोर तो चोर, वर शिरजोर! जुनं कापड विरतं, नवं कडक असतं, एवढं मला कळतं."

"त्याची वही आणा. नाणं घेतलं त्या दिवशीचं वजन तो लिहून ठेवायचा. करा वजन, तुमच्या हाताने करा."

मी वही आणली. त्याच्या काट्यावर नको, ह्यांच्या काट्यावर केलं. ट्रेमधला नखांचा ससाणा, वहीतल्या आकड्याला तंतोतंत. ट्रेमधला सिंह, चांगलाच हलका. डबीतला सिंह, तंतोतंत.

"कापडाचं तुम्ही म्हणता तसं असेल," तो हळू म्हणाला. "ठोकलेल्या नाण्याची रेघ शेकडो वर्षं तीक्ष्ण राहते. साच्यात ओतलेल्याची पहिल्या दिवसापासून बोथट असते. मी कितीही जीव ओतला तरी नखं नाही यायची."

मग त्याने सगळं सांगितलं. अकरा नाणी. वीस वर्षांत अकरा वेळा त्याने चित्र काढायला म्हणून नाणं घरी नेलं आणि पुढच्या गुरुवारी त्याची नक्कल आणून दिली. विकलं एकही नाही. "त्याला ती सापडायची, वहिनी. मला नाही सापडायची. जिथे जाईन तिथे तो आदल्या दिवशी जाऊन आलेला. मला फक्त ती घरात हवी होती." हे गेल्यावर, संग्रहालयाचं कळल्यावर, तो दर गुरुवारी एक-दोन खरी परत ठेवत होता. सिंह शेवटचा.

मला दया यायला हवी होती. नाही आली. वीस वर्षं माझ्या भोळ्या नवऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकली ह्याने, आणि हे बिचारे मित्र म्हणून त्याचं कौतुक करत बसले. मी खरा सिंह ट्रेमध्ये बसवला, खोटा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा ह्या दारात पाऊल टाकायचं नाही." तो गेला. काटा विसरून गेला.

वही मिटताना मागची पानं उघडली. ह्यांचं बारीक, एका बाजूला कललेलं अक्षर.

"शुक्रवार. मुकुट नसलेला राजा चित्र काढून परत आला. हलका भरतो. कडेला सांधा दिसतो. ओत सुरेख आहे."

खाली दोन वर्षांनंतरची तारीख. "शुक्रवार. ससाणा. नखं गेली. वाईट वाटलं."

एकामागून एक अकरा शुक्रवार. मी बोट ठेवून वाचत गेले. शेवटच्या नोंदीखाली लिहिलं होतं, "विचारलं तर तो यायचा थांबेल. ह्या घरात नाणं हातात घेऊन बघणारं दुसरं कोणी नाही."

दुसरं कोणी नाही म्हणजे मी. ते माझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं, तक्रार म्हणूनही लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. भोळे हे नव्हतेच. ह्यांनी ससाणा देऊन गुरुवार घेतला होता, आणि मी भिंतीपलीकडे मशीन जोरात चालवत होते. मी तिथेच खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. चार महिन्यांत अशी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही आणि त्याचा विसरलेला काटा घेऊन त्याच्या कारखान्यात गेले. कारखाना कसला, एक लांबट खोली. ओट्यावर ओळीने प्लास्टरचे जबडे, हवेत पांढरी भुकटी. मला बघून तो उभा राहिला. मी ते पान त्याच्यापुढे उघडलं.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

"कशावरून कळलं त्याला?" हा त्याचा पहिला प्रश्न. "ओत सुरेख होता, त्यानेच लिहिलंय."

"वजनावरून. ह्यांचा काटा तुम्हीच दिला होतात, वाढदिवसाला."

मग तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भुकटीचे हात होते, सगळा चेहरा पांढरा झाला. मी थांबले. समजूत घातली नाही. तेवढी मोठ्या मनाची मी नाही.

"ती अकरा खोटी कुठे आहेत?" मी विचारलं.

त्याने खणातून एक डबा काढला. आत दातांच्या साच्यांबरोबर ती पडली होती. मी ससाणा ओळखला, बिनानखांचा.

"नाणी संग्रहालयात गेली की ट्रे रिकामा होणार," मी म्हणाले. "गुरुवारी ही घेऊन या. खरं कोणतं आणि खोटं कोणतं, ते कसं ओळखायचं मला शिकवा."

त्याला खरं वाटेना. तो म्हणाला, "पाच वाजता?"

"पाच वाजता. दारात खिसे दाखवून आत यायचं. आणि चहा मागायचा नाही, मी खोलीतून उठणार नाही."