चौथी कड

माघ सरत आला होता. कृष्णेच्या पात्रावर निजलेले धुके उठायला आळस करीत होते, आणि उगवतीचे ऊन त्याला हलक्या हाताने जागे करीत होते. आधी पैलतीरावरची बाभळ दिसली. मग बाभळीवरचा बगळा दिसला. मग बगळ्याची पाण्यातली प्रतिमा दिसली. एकेक वस्तू नव्याने घडल्यासारखी उमटत होती, ओली, अस्फुट, आपल्या जागी एकटी.

त्या उन्हाचा एक तिरपा, सायीच्या रंगाचा पट्टा नदीकाठच्या कौलारू घराच्या सोप्यावर उतरला. सोप्यात चटई अंथरून अनसूया बसली होती. पंचाहत्तरीला टेकलेली, बिनलग्नाची, गावच्या शाळेत चाळीस वर्षे इवल्या बोटांवर आपली बोटे ठेवून अक्षरे गिरवून घेतलेली. तिच्यापुढे कात्री होती. वाटीत मैद्याची खळ होती, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद होते. आणि मांडीवर एक चिकटवही होती.

वही कोरी होती. इतकी कोरी, की पानावर पडलेले ऊनसुद्धा लिहिल्यासारखे वाटत होते.

घरातल्या प्रत्येकाची चिकटवही अनसूयेने केली होती. वडिलांच्या वहीत त्यांच्या चष्म्याची चिठ्ठी आणि शेवटच्या पेरणीच्या ज्वारीचे चार दाणे होते. आईच्या वहीत तिच्या लुगड्याचा काठ होता. धाकटा भाऊ दत्ता, त्याची बायको सगुणा, त्यांची तीन मुले, मुलांची मुले, साऱ्यांच्या वह्या होत्या. जावळाची मऊ बट, पहिलीचे प्रगतिपुस्तक, गाव सोडून गेल्या दिवशीचे एसटीचे तिकीट, लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती. आणि पानोपानी फोटो. आणि फोटोखाली तिचे ते वळणदार, फळ्यावरून उतरलेले अक्षर.

ज्याला जे आठवत नसे, ते तिच्या वह्यांना आठवत असे. घर विसरायचे आणि ती वेचायची. घर पुढे जायचे आणि ती मागून उचलत यायची.

गेल्या दिवाळीत सारे पुण्याहून आले होते. सोप्यात वह्यांचा ढीग मांडला होता, आणि दत्ताची पाच वर्षांची पणती मनवा एकेक वही उघडून आपल्या माणसांना हाक मारीत होती. हे पणजोबा. ही पणजी. हा बाबा, बघा, बाबाला दात नाहीत! शेवटची वही मिटून तिने मान वर केली.

"ह्या आजीची वही कुठाय? ही आपल्यातली नाही?"

सगळे हसले. "अगं, ती वह्या करणारी आजी," कुणीतरी म्हणाले, आणि चकलीचा डबा पुढे सरकला.

पाहुणे गाडीत बसून गेले. प्रश्न गेला नाही. तो अनसूयेच्या सोप्यातच राहिला. कार्तिकात तो तिच्याबरोबर दिवा लावायला उभा राहिला, मार्गशीर्षात तिच्या ताटासमोर बसला, पौषाच्या थंडीत तिच्या घोंगडीत शिरला. त्याला काय उत्तर द्यावे, हे तिला कळेना. शेवटी तिने ठरवले, आपली वही करायची. चारच पाने. येत्या पाडव्याला मनवा येईल, तेव्हा तिच्या हातात ठेवायची आणि म्हणायचे, बघ, आहे ना मी?

पहिल्या पानाला फोटो हवा होता.

म्हणून त्या सकाळी तिने साऱ्या वह्या उतरवल्या आणि स्वतःला शोधायला बसली. पाने उलटत गेली, वर्षे उलटत गेली. तिथे सारे होते. बारसे होते, पाटीपूजन होते, आंब्याच्या झाडाखालची पंगत होती. नदीला नवे पाणी आल्यावर काठावर उभे राहिलेले घर होते. ती नव्हती. या पानावर नव्हती, त्या पानावर नव्हती. कशी असेल? फोटो काढणारी तीच. काळी चौकोनी पेटी पोटाशी धरून, श्वास रोखून, खटका दाबणारी तीच.

कॅमेरा पहिल्यांदा हातात आला, तेव्हा तालुक्याच्या फोटोवाल्याने तिला एकच धडा दिला होता. बाई, ऊन नेहमी आपल्या पाठीवर घ्यायचे. तिने तो धडा पाढ्यासारखा पाठ केला. चाळीस वर्षे तिने ऊन पाठीवर घेतले आणि घराला उजेडात उभे केले.

आणि मग तिला ती कड दिसली.

जुन्या फोटोंना चारी बाजूंनी नक्षी असे, बारीक दातेरी, बिस्किटासारखी. वडिलांच्या फोटोला वरची कड दातेरी होती, डावी दातेरी होती, उजवी दातेरी होती. खालची सरळ होती. तिने आईचा फोटो पाहिला. तीन कडा दातेरी, चौथी सरळ. दत्ताचा पाहिला. चौथी सरळ. पुढचा, त्याच्या पुढचा, वहीमागून वही. घरातल्या प्रत्येक माणसाच्या पायाखाली एक सरळ, स्वच्छ, निर्दय रेघ.

तिची बोटे कात्रीवर थबकली. तिला आठवले.

पाठीवर ऊन घेतले, की सावली पुढे पडते. प्रत्येक फोटोत खालच्या अंगाला एक काळी, लांबट आकृती यायची, खांदे रुंद, डोके पुढे, कोपर बाहेर आलेले. फोटो नासला असे तिला वाटायचे. वहीत लावण्यापूर्वी ती पट्टी धरायची, रेघ मारायची, आणि तेवढा भाग कापून टाकायची. नेटकेपणाने. मुलांना शिकवते तसे, घाई न करता. कापलेल्या त्या काळ्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी चुलीला लागायच्या.

सोप्यातले ऊन एक बोटभर सरकले.  कुणी तिला वगळले नव्हते. कुणावर रुसायलाही जागा नव्हती. हात तिचा होता, पट्टी तिची होती, आणि रेघ इतकी सरळ होती, की शाळेत असती तर तिनेच तिला शाबासकी दिली असती.

सगुणेची वही तिने शेवटी उघडली. पहिल्याच पानावर एकोणीस वर्षांची नवी नवरी पायरीवर उभी होती, पदर सावरलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली. आणि या फोटोच्या चारी कडा दातेरी होत्या.

अनसूयेने वही डोळ्यांशी नेली. सावली इथे होती. अंगणातून सरपटत आली होती, पहिल्या पायरीवर चढली होती, आणि तिचे डोके सगुणेच्या जोडव्यांवर टेकले होते. कापायची म्हटली असती, तर नव्या नवरीचे पाय कापले गेले असते. म्हणून ती राहिली होती. चाळीस वर्षांत एकदाच. दुसऱ्याच्या पायांच्या आधाराने.

तिने नखाने फोटोचा कोपरा हलकेच उचलला. जुनी खळ कुरकुरली.

"वन्सं, काय हुडकाय लागलाय सकाळधरनं? आन माझी वही कशापायी काढली?"

सगुणा अंगणातून येत होती, डोक्यावर पाटी, पाटीत शिजवलेली हळद. दत्ता गेल्याला बारा वर्षे झाली होती. घराच्या उगवतीच्या अंगाला सगुणा राहायची, मावळतीच्या अंगाला अनसूया. चुली दोन होत्या, अंगण एक होते. फाटकापाशी ट्रॉलीने ओतलेल्या हळदीचा ढीग वाफाळत होता, आणि सगुणा आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी तो पाटी-पाटीने वाळवायला आत आणीत होती.

अनसूयेने कोपरा सोडला, चोरी करताना सापडलेल्या पोरीसारखा. मग तिने फोटो दाखवला. ही बघ, म्हणाली, ही खाली काळी दिसते ना, ती मी.

सगुणेने पाटी उतरवली, पदराला हात पुसले आणि वाकून पाहिले.

"ही तुमी? आन मी हितकी वर्सं म्हणत्येय, माझ्या पायावर कसला डाग पडलाय!" मग तिच्या ध्यानात आले. तिने तोंडावर हात नेला. "अगं बया! तुमचं डोस्कं माझ्या पायावर? थोरल्या नणंदंचं? पाप लागंल की मला!"

"सावलीला कसलं पाप, सगुणा?"

"तुमाला काय जातंय म्हणायला. उनाकडं त्वांड करून हुबं करायचा आमास्नी. समदं घर फोटूत आंधळं दिसतंय बगा." ती हसली, आणि हसता हसता थांबली. नणंदेच्या मांडीवरची कोरी वही तिने पाहिली, पसरलेल्या वह्यांचा ढीग पाहिला. दिवाळीतला तो प्रश्न तिनेही ऐकला होता. "घ्या काढून ह्यो फोटू," ती हळूच म्हणाली. "लावा तुमच्या वहीत."

"तुझ्या वहीतलं मी काढणार नाही गं. नवरीचा तेवढा एकच आहे तुझा."

"मग लिवा तितं. नाव लिवा. मला वाचाय येत न्हाई म्हणून काय झालं, वाचणारं येत्याल की."

अनसूयेने टाक उचलला. फोटोखाली जुन्या अक्षरात लिहिले होते, सौ. सगुणा, सोप्याची पायरी. त्याच्यापुढे तिने नव्या अक्षरात लिहिले, पायांशी अनसूया.

सगुणा ढिगाकडे गेली.  सगुणेची वही मिटली, तिच्यासवे ती सावलीही मिटली, आणि मांडीवरचे पहिले पान होते तसेच पांढरे राहिले.

बाहेर अंगण उन्हाने काठोकाठ भरले होते. सारवलेली, घट्ट, गुळगुळीत भुई. अनसूया वही आणि पेन्सील घेऊन खाली उतरली. जुन्या सवयीने तिने ऊन पाठीवर घेतले, आणि सावली पुढे आली, लांब, काळीभोर, न सांगता. जिला चाळीस वर्षे कापले, ती एका शब्दाने रुसली नव्हती.

अनसूयेने सावलीच्या डोक्याखाली उघडी वही ठेवली. पानावर कपाळाची गोलाई उतरली, अंबाड्याचा उंचवटा उतरला. ती रेघ काढायला वाकली. डोके पानावरून निसटले. तिने वही सरकवली, पुन्हा वाकली. पुन्हा निसटले. हात पुढे गेला की सावलीचा हात पुढे यायचा, मान झुकली की सावलीची मान झुकायची. पेन्सील पोचेपर्यंत तिथे नुसते ऊन असायचे.

मैदानावर ती मुलांना हेच तर शिकवायची. जोड्या करा रे. एकाने उभे राहायचे, एकाने खडूने त्याची सावली काढायची. आणि एखादे हट्टी पोर म्हणायचेच, बाई, माझी मीच काढतो. ती त्याला काढू द्यायची, धडपडू द्यायची. ते रडकुंडीला आले, की मग समजावायची, बाळा, आपली आपल्याला येत नाही, जोडीदार लागतो.

ती गुडघ्यांवर बसून राहिली. अंगण मोठे होते. ऊन फार होते.

"वन्सं, सरा बरं. हळद पसरायची हाय, ऊन चाललंय."

अनसूयेने वही मिटली. भुईला हात टेकून ती उठली, पाठ सरळ व्हायला वही पोटाशी धरून क्षणभर उभी राहिली. तेवढ्यात सगुणेची नजर खाली गेली. पाटी तिच्या कमरेवरच राहिली.

"थांबा जरा. हलू नगा."

"का गं?"

"हलू नगा म्हंते न्हवं? उभी हयात आमास्नी उनात हुबं केलंसा. आता तुमी व्हा हुबं."

सगुणा खाली बसली. तिने पाटी कलती केली, आणि ओल्या, मळकट-पिवळ्या हळकुंडांचा लोट भुईवर आला. दोन्ही तळहातांनी ती हळद सारू लागली, सावलीच्या पावलांपासून, कडेकडेने. जिथे काळे होते, तिथे एक हळकुंड जाऊ देईना. गेलेच चुकून, तर बोटाने मागे ओढी. एक पाटी झाली. दुसरी झाली. ढिगाकडे जायची, कण्हत यायची, बसायची. कोपराशी वळण आले, तिथे तिने हळद वळवली. खांद्याशी उतार आला, तिथे उतरवली. पन्नास वर्षे याच अंगणात हळद वाळवलेले ते हात, मुठीएवढ्या जागेसाठी इतके जपून कधी चालले नव्हते.

अनसूया उभी होती. पाय भरून आले, तरी उभी होती. आयुष्यात प्रथमच कुणी तिला हलू नको म्हटले होते. हळदीचा उष्ण, मातकट, कडसर वास तिच्याभोवती वर चढत होता. अंगाला न लागलेला, कधीचा ओळखीचा. घरातल्या प्रत्येक लग्नात तो तिने दुरून घेतला होता, पेटीच्या काचेतून हळद पाहताना.

सगुणा गळ्याशी पोचली तोवर ऊन चढले होते. सावलीचे डोके खाली उतरले होते, थोडे कडेला वळले होते. सगुणेला ते कळले नाही. तिला जसे दिसले, तसे तिने राखले. म्हणून ती आकृती मान कलती करून राहिली, कुणाचे तरी बोलणे ऐकल्यासारखी.

"झालं. आता हला," सगुणा म्हणाली, आणि कमरेवर हात देऊन उठली. पिवळ्या अंगणाकडे तिने एकवार पाहिले. ढीग अजून शिल्लक होता, मधली सावलीएवढी जागा अजून मोकळी होती. उरलेल्या पाट्या तिने विहिरीकडच्या अंगाला नेऊन ओतल्या.

दुपार झाली. सगुणेच्या चुलीपुढे भाकरीची थाप वाजू लागली. हळदीच्या काठाशी अनसूया एकटीच थांबली होती. तिची सावली आखडत, आखडत, तिच्या पायाशी गोळा झाली. आणि पुढ्यात, चहूकडच्या त्या पिवळ्यात, उघडी भुई पसरली होती, कोपर बाहेर आलेली, मान कललेली, सकाळएवढीच लांब.