शिडी हलतेय, असं तो म्हणायचा

मी रंगाऱ्याची घडीची शिडी बोलतेय. सुताराने मला चांगल्या लाकडाची बनवली; अंगावरचे शिंतोडे मात्र माझ्या मालकाची देणगी. माझ्यावर उभा राहून तो खुशाल शीळ घालायचा.

मग त्याच्या आतल्या कानात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली. पण त्या कानाने ऐकू येईना आणि तोलही राहीना.

"डॉक्टरांनी कामाला परवानगी दिलीय," तो बायकोला म्हणाला. मला शंका आली. परवानगी मिळालेला माणूस मला उचलायला बायको बाहेर पडायची वाट कशाला बघेल?

कामावर त्याने माझ्यावर चढून मान वर केली आणि मला घट्ट कवटाळलं. "शिडी हलतेय!" मी तसूभरही हलले नव्हते. त्याने माझ्या पायांचे रबर बदलले, बिजागऱ्या आवळल्या. तरी तेच. मग सोबत काम करणाऱ्या मेहुण्यावर घसरला, "तूच धक्का देतोस!"

मेहुण्याला भलताच संशय. जवळ येऊन त्याने वास घेतला. "दाजी, खरं सांगा, घेतलीय का?"

त्यानेच बहिणीला कळवलं. ती भर दुपारी आली, तेव्हा नवरा वर डोळे मिटून मला बिलगला होता. तिने आरडाओरडा केला नाही. माझे पाय धरले. "सावकाश उतरा. मी धरलंय."

खाली आल्यावर म्हणाली, "डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?"

"शिडी चढू नका म्हणाले."

"मग मला का फसवलंत?"

"चढता येत नाही, तर मी रंगारी कसला?" त्याला रडू फुटलं.

आता तो रोज व्यायाम करतो. पावलं जुळवून उभं राहायचं आणि भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर रोखून मान डावीउजवीकडे फिरवायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तोल सांभाळायला मेंदू नव्याने शिकेल, पण वेळ लागेल. अंधारात, दमल्यावर झोक जाणारच." तर बाबांनो, रस्त्यात कुणी भिंतीच्या आधाराने झोकांड्या खात चाललेला दिसला, तर त्याला दारुडा ठरवण्याआधी विचारपूस तरी करा.

खालच्या भिंती तो रंगवतो. वरचं काम बायको शिकतेय. काल तिने छताची कड रंगवली.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

तो खालून बघत राहिला. "एकदम सरळ."

तिने डोळे बारीक केले. "तुम्हाला सरळ दिसतेय म्हणजे नक्कीच वाकडी असणार!"

कितीतरी महिन्यांनी तो खदखदून हसला.