उघड्यावरची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. झोपवणं हा माझा धंदा, त्यामुळे बोलता बोलता माझाच डोळा लागला तर रागावू नका. किल्लारीजवळ, भूकंपानंतर वसलेल्या एका गावात, आत्ताआत्तापर्यंत कडुलिंबाखाली माझा मुक्काम असे.

मूळची मी बाभळ. ओढ्याकाठी उभी होते आणि माझ्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबत असत. अजूनही दुपारच्या पेंगेत मला वाटतं, मी ते खोपे झुलवते आहे. मग एका सुताराने मला तासलं, पाय बसवले, आणि जुन्या गावातल्या एका म्हातारीने अंबाडीच्या दोरीने मला विणून घेतलं. ती माझ्या आताच्या मालकीणबाईंची, चांगुणाबाईंची, सासू. बाई कडक होती, पण माझ्यावर पाठ टेकली की आभाळाकडे बघून स्वतःशीच हसायची. तिला रोज अंगणातच झोपायचं असे.

मग भूकंप झाला. म्हातारी गेली, चांगुणाबाईंचा नवरा व्यंकट गेला. उरलो आम्ही तिघं: चांगुणाबाई, त्यांचा उशिरा झालेला तान्हा अंगद आणि मी. नव्या गावात पक्कं घर मिळालं, पण चांगुणाबाई त्यात कधी झोपल्या नाहीत. थंडी असो की धुकं, त्या माझ्यावर उघड्यावरच. पाऊस आला तर उंबऱ्याशी बसून राहायच्या. अंगद विचारायचा तेव्हा म्हणायच्या, "आत जीव गुदमरतो रं." मला खरं कारण ठाऊक होतं, पण बाजेला कोण विचारतं?

आता अंगद लातूरच्या रस्त्यावर जीप चालवतो. गेल्या हिवाळ्यात चांगुणाबाईंचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे उघड्यावर झोपल्या तर जिवावर बेतेल. अंगदची बायको सत्यशीला रोज विनवायची, चांगुणाबाई मान हलवायच्या आणि पुन्हा माझ्याकडेच यायच्या. त्यांचा प्रत्येक खोकला माझ्या दोऱ्यांना कळत होता. मला फार भीती वाटत होती.

अंगदने मनाशी अंदाज बांधला, मायला हे सरकारी घर आपलंसं वाटत नसावं. एके सकाळी त्याने जुन्या गावठाणातून ट्रॉलीभर काळे दगड आणून कडुलिंबाखाली ओतले.

"माय, तुझ्याच घराचे दगड हायत! तुझ्यासाठी खोली बांधतो. हातभर रुंद भीत, दगड मातीत बसवायचे, वर मातीचं माळवदाचं छत. जुन्या घरावानी."

पोराचा चेहरा आनंदाने फुलला होता. चांगुणाबाई ढिगाभोवती हळूहळू फिरल्या. एका दगडाला खळगा होता, त्यावर त्यांनी हात ठेवला.

"ह्याच्यात मी दिवा लावायची," त्या म्हणाल्या आणि माझ्यावर येऊन बसल्या. अंगद पायथ्याशी टेकला.

"पोरा, इचार लई मायेचा केलास. पर भीत मातीत नको, आन् वर वजन नको."

"का? आपलं घर कधीच गळत न्हवतं म्हणतेत सारे."

"न्हवतंच गळत. तुझा बाप दर उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकायचा. खालची कुणी काढली न्हाई. थरावर थर चढत गेला. तुझी आजी म्हणायची, वरचं ओझं लई झालं, तुळया करकर करून राहिल्या. आम्ही हसायचो. म्हातारीला भास होतेत म्हणायचो. ती गुमान आपली बाज अंगणात टाकायची."

"मग ती आत कशी सापडली?"

चांगुणाबाईंनी माझी दोरी घट्ट धरली. इतकी वर्षं मी ती गोष्ट त्यांच्या अंगाच्या थरथरीतून ऐकत होते. आज पहिल्यांदा शब्दांतून ऐकली.

"त्या रातीला तू तापानं फणफणला होतास, रडून राहिला होतास. ती म्हणाली, लेकराला वाऱ्यावर घे, तू माझ्या बाजेवर पड. आन् ती माझ्या जागंवर जाऊन निजली. तिच्या जागंवर निजते मी, अंगद. मी आत कशी जाऊ?"

अंगदने माझ्या कडेच्या लाकडावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला.

"आधी का न्हाई सांगितलंस, माय?"

"तू छताकडं बघत जागा राहशील म्हणून."

खोली झाली. विटांची, सिमेंटची, कोपऱ्याकोपऱ्यात लोखंड घातलेली, वर हलका पत्रा. काळ्या दगडांचा अंगदने कडुलिंबाला बुटका पार बांधला. "ह्यांनी आता खालीच बसावं," चांगुणाबाई म्हणाल्या आणि दिव्याचा दगड स्वतः दाखवून वरच्या बाजूला लावून घेतला.

मग त्या नव्या उंबऱ्याशी आल्या. सगळे मागे उभे. त्यांनी वर पाहिलं.

"वर काय हाय रं?"

"पत्रा, माय. आन् त्याच्यावर लिंबाची सावली."

त्यांनी दाराच्या चौकटीवर हात टेकला. मग सासू शेजारी उभी असावी तशा हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, नातवानं तुमचं ऐकलं बरं का." आणि वळून म्हणाल्या, "बाज आत घ्या."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं म्हातारं माणूस काही पुटपुटत असेल. त्याला भास म्हणू नका. त्याच्या पायथ्याशी बसा, विचारा, आणि ते गप्प झालं तरी लगेच उठू नका. आमच्या म्हातारीचं बोलणं ऐकायला एवढी वर्षं लागली, तेवढी तुम्हाला लागू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मला आता चांदण्या दिसत नाहीत, त्याचं थोडं वाईट वाटतं. पण पत्र्यावर कडुलिंबाची पानं पडतात ती ऐकू येतात. चांगुणाबाईंचा खोकला बराच कमी झालाय. या घडीला त्या माझ्यावर गाढ झोपल्या आहेत, छताखाली. जरा हळू बोला.